करडई की करंज

भावजी,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून तुमचे दादा अजून नीट मागंही सरकले नव्हते, तोवर तो आला, भातात चोच घातली, वरचं दही सांडलं आणि घास घेऊन बाभळीवर जाऊन बसला. सगळी माणसं म्हणाली, "सुदामची काय बी इच्छा राहिली न्हाय. मोकळा झाला." बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मी लावला नाही. मला राग आला होता. इच्छा राहिली नाही? गोठ्याशेजारच्या शेडमध्ये तुमचा उघडलेला फिल्टर तसाच पडलाय, तेलाचे डबे रांगेनं उभे आहेत, माझ्याशी चाललेलं भांडण अर्ध्यावर आहे, आणि कावळा म्हणे लगेच शिवला. खोटारडा कावळा. नाहीतर तुम्ही खोटारडे. भुकेपुढं तुम्हाला कधी दम निघाला नाही, तो नदीवर तरी कसा निघणार होता.

हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. चौथीनंतर माहेरी पत्र धाडण्यापलीकडं मी काही लिहिलेलं नाही. पण चार परकी माणसं अंगणात बसली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं, हे तुम्हाला माहीत आहे. चहाची कपबशी दाराआडून पुढं करणारी बाई मी. तुमच्या दादांशीसुद्धा "व्हय" आणि "न्हाय" यावर माझा संसार झाला, आणि त्यांना तेवढं पुरतं. तोंड भरून भांडले ती फक्त तुमच्याशी. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मिसरूड फुटलेले दीर होता. पहिल्याच दिवशी म्हणालात, "वैनी मुकी हाय का काय?" मी म्हणाले, "मुकी न्हाय, पर तुमच्यासारखी रिकामी बी न्हाय." तुम्ही एवढ्या मोठ्यानं हसलात की सासूबाई बाहेर आल्या. तेव्हापासून जे लागलं ते लागलं.

आता तुमचा दुधाचा टेम्पो विकायचं चाललंय. इंदापूरकडचे कोणी पाहुणे आहेत, दुधाचा धंदा करतात. तेरावं झालं की बघायला येणार आहेत. त्यांनी निरोपातच सांगितलंय, टेम्पो पसंत आहे, पण तुम्ही बसवलेली ती दुसरी टाकी, तिच्यातली तांब्याची नळी आणि सीटजवळचा पितळी कॉक काढून टाकायचा. कंपनीतून आला तसा करून द्यायचा. दादा म्हणाले, "मिस्त्रीला बोलावतो. अर्ध्या दिवसाचं काम हाय." मी भाकरी थापत होते. हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि पुढची थापायला घेतली. तुमचं सगळं डोकं ज्या टाकीत गेलं, ती अर्ध्या दिवसात निघते म्हणे.

मला वाटतं, ती टाकी राहावी. हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला! कारण त्या टाकीला सगळ्या गावात सर्वांत जास्त शिव्या मीच घातल्या आहेत.

मूळ रोग विहिरीवरच्या इंजिनापासून लागला. त्या वर्षी डिझेल मिळत नव्हतं. बारामतीच्या पंपावर माणसं ड्रम लावून झाडाखाली झोपायची. आपला कांदा माना टाकत होता. मी दुपारी कालवणाला फोडणी द्यायला गेले तर करडईच्या तेलाचा डबा जागेवर नाही. मांजर तेल पीत नाही, हे मला ठाऊक होतं. विहिरीवर गेले तर तुम्ही हात पुसत उभे.

"डबा कुठं हाय?"

"कांद्याला पाजला, वैनी."

आणि ते आडदांड जुनं इंजिन ठक ठक ठक करत चाललं होतं, आणि पाटात पाणी पळत होतं. कांदा वाचला. हे मी कधी कबूल केलं नाही असं तुम्ही म्हणायचात, तर आता लिहून देते: कांदा वाचला. पण त्या दिवशी घरात फोडणीला थेंब नव्हता, कोरड्या चटणीबरोबर भाकरी खाल्ली, आणि तुम्ही मिटक्या मारत "लय ग्वाड लागतीया" म्हणालात, तेव्हा ती भाकरी तुमच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं होतं, तेही लिहून देते.

त्या इंजिनाचं ठीक होतं. पुढं तुम्ही दुधासाठी नवा टेम्पो आणलात आणि त्यालाही तेल पाजायचं खूळ डोक्यात घेतलंत. बारामतीचा मिस्त्री तुमच्यासमोर हात जोडून म्हणाला होता, "सुदामराव, जुनं इंजिन म्हंजे बैल. कडबा टाका, काय बी टाका, चघळतंय. ह्ये नवं हाय. ह्येचा डिझेल फेकणारा पंप घड्याळागत नाजूक. जाडं तेल घाताल तर जाग्यावर बसंल." घरी येऊन तुम्ही मला सांगितलंत, "मिस्त्री म्हणला, तेल जाडं नसलं तर चालंल." असा माणूस! कानात शिरताना वाक्याचं शेपूटच तेवढं शिरायचं, तेही उलटं होऊन.

मग पातळ तेल कुठून आणायचं? थंडीच्या दिवसांत तुम्ही चुलीजवळ शेकत बसला होता. मी कढई ठेवली, बाटलीतनं तेल पडेना, लोंबत होतं. कढईत गेलं, तापलं, आणि कढई जरा कलती केली तर इकडून तिकडं धावलं. तुम्ही एकदम उठलात.

"वैनी, बघितलं का? गरम झालं की पाण्यावानी पळतंय!"

"आमी रोज बघतो. तुमी आज बघितलं."

त्यानंतर माझ्या घराची जी लूट झाली तिला तोड नाही. दुधाचा एक चांगला कॅन गेला, त्याची टाकी झाली. न्हाणीतल्या बंबाला लावायला आणलेली तांब्याची नळी गेली, ती वेटोळी करून टाकीत बसवली आणि इंजिनाचं गरम पाणी तिच्यातनं फिरवलं, म्हणजे तेल तापावं. तेल गाळायला बारीक जाळी आणायची सोडून माझ्या आईनं दिलेलं जुनं लुगडं फाडलंत. का, तर "नवं कापड गाळत न्हाय, वैनी, धुऊन धुऊन मऊ झालेलंच कापड बरं." आईचं लुगडं ते! मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही ते तेल घरभर सांडत गाळायला लागलात, तेव्हा मलाच उठून कापड धरावं लागलं. मग कायमचं ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

आणि तुमचा तो पाढा. डिझेलवर सुरू करायचं. पाणी तापलं की कॉक फिरवायचा, तेल सुरू. मुक्कामाला पोचायच्या आधी, थोडं अलीकडंच, कॉक परत फिरवायचा आणि डिझेलवर चालवत न्यायचं, म्हणजे पंपातलं तेल धुऊन निघतं. तसंच बंद केलं तर आतलं तेल गार होऊन जाडं होतं आणि पंप धरतो, म्हणजे जाम होतो. मी झाडत असले की तुम्ही झाडूपुढं उभं राहून हे सांगायचात. मी म्हणायचे, "पाय उचला." मला शिकायचं नव्हतं, भावजी. न शिकता पाठ झालं.

एक मात्र मी चुकले. मी म्हणत होते की असल्या गाडीतनं नेलेलं दूध नासेल, त्याला वास लागेल. दूध नासलं नाही. टेम्पो पणदऱ्यापर्यंत, बारामतीपर्यंत तेलावर जायचा आणि यायचा. तुमच्यातला फुशारकीचा भाग वजा केला, तरी ते खरंच चाललं. वास मात्र सुटायचा. गरम करडईच्या तेलाचा, भज्यांच्या घाण्यासारखा. तुम्ही मुद्दाम कॉक उशिरा फिरवायचात, अगदी दारात आल्यावर, गावाला कळावं म्हणून. शेजारची सखूबाई म्हणायची, "सुदाम आला वाटतं. मला भूक लागली." लोकांनी "भज्याचा टेम्पो" नाव पाडलं आणि तुम्हाला ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं.

डाळजच्या रस्त्यावरची गोष्ट मी विसरणार नाही. तुम्ही मला माहेरी सोडायला निघाला होता. थंडीतली सकाळ होती, भिगवणच्या पुढं रस्त्याला धुकं होतं. टेम्पो तेलावर चालला होता. समोरून मयत आलं. आपल्याकडची रीत आहे, मयत दिसलं की गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, खाली उतरून हात जोडायचे, आणि मागचं शेवटचं माणूस पुढं गेल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. गेलेल्याच्या पाठीमागं आवाज नको म्हणून. तुम्ही रीत पाळलीत. झटकन किल्ली फिरवली आणि उतरून टोपी काढली. कॉक तसाच.

मी खिडकीतनं हळूच म्हणाले, "भावजी, कॉक." तुम्ही माझ्याकडं डोळे वटारले. मयताला मोठा समाज होता. म्हातारी माणसं, काठ्या टेकत चाललेली. तुम्ही मान खाली घालून उभे, आणि मी आत बसून त्या पंपातलं तेल गार होताना नुसतं मनातल्या मनात बघतेय.

सगळे पुढं गेले. तुम्ही येऊन किल्ली फिरवली. टेम्पो खोकला. परत फिरवली, परत खोकला. मग तेवढंही बंद झालं.

"आधी कॉक फिरवायला काय हुत हुतं?"

"वैनी, मयत काय आपल्यासाठी थांबतंय व्हय?"

"त्याला आता कुठं घाई हाय?"

तुम्ही हसू दाबलंत, रस्त्यात हसणं शोभलं नसतं म्हणून. मग तुम्ही बोनेट उघडलंत, नळीला फडकं गुंडाळलंत, कुठल्यातरी झोपडीतनं गरम पाणी आणून ओतलंत. सूर्य वर आला. मयत पोचवून माणसं परत निघाली, आपण तिथंच. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय झालं, बाबा?" तुम्ही खरं सांगितलंत, "तुमचं मयत दिसलं म्हणून बंद केला, त्यो लागंना." तो म्हातारा मागं वळून म्हणाला, "ए, या रं. आपल्या अण्णासाठी थांबलेला माणूस हाय." आणि ती सगळी माणसं, खांदा देऊन आलेली, ओल्या धोतरांची, तुमचा टेम्पो ढकलायला लागली. मी आत बसलेली. लाजेनं पदर इतका पुढं ओढला की मला काही दिसेना. टेम्पो सुरू झाला तेव्हा मागं भज्यांचा धूर सुटला आणि त्या सुतकातल्या माणसांतलं कोणीतरी म्हणालं, "आयला, भूक लागली की."

माहेर येईपर्यंत मी तुम्हाला शिव्या दिल्या. तुम्ही ऐकून घेतल्यात आणि शेवटी म्हणालात, "बरं. इथनं फुडं तुमी बसला असला तर कॉक तुमचा. मी मयत बघतो, तुमी कॉक बघा." तेव्हापासून तुमच्या टेम्पोत बसले की माझा हात त्या पितळेवर असायचा. कोणाला माहीत नव्हतं. खाली होता, लुगड्याच्या घोळात.

त्याच उन्हाळ्यात पंप गेला. मिस्त्रीनं उघडून दाखवलेली सुटी दांडी तुम्ही घरी घेऊन आलात. तिच्यावर पिवळं, चकाकणारं काहीतरी चढलं होतं. नखानं निघेना. तुम्ही म्हणालात, "काय असंल?" मी तुम्हाला आपल्या तेलाच्या डब्याजवळ नेलं. डब्याच्या कडेनं ओघळून वाळलेलं करडईचं तेल, राळेसारखं, चिकट. दर दिवाळीला मी ते राखेनं घासून काढते. तेच होतं.

"करडई वाळते, भावजी. उघड्यावर राहिली की चिकटा धरते. करंज घ्या. माझी आई सगळा जन्म करंजाच्या तेलाचा दिवा लावायची, पणती पुसली की स्वच्छ. वढ्याच्या कडंला करंजाच्या शेंगा कुजत पडत्यात, शेळी तोंड लावत न्हाय. त्या जाळा. माणसाच्या तोंडचं कशाला जाळताय?"

तुम्ही दांडी फडक्यात गुंडाळलीत. "करंजाचा वास बघितलाय का? कडू जहर. माझ्या टेम्पोला लोक वासानं हात करत्यात. करंज जाळला तर कुत्रं मागं लागंल." आणि मग ते वाक्य, जे मी अजून पोटात ठेवलंय: "वैनी, तुमी भाकरी बघा."

भाकरी बघा! फिल्टरचं कापड कोण धरत होतं? कॉकवर हात कोणाचा होता? मी त्यानंतर रोज, अगदी रोज, तुम्हाला करंज ऐकवला. ताट वाढताना करंज, अंगण सारवताना करंज. तुम्ही पंप दुरुस्त केलात आणि करडईच घातलीत. तेल जास्त दिवस निवळू दिलं की चिकटा धरणार नाही, म्हणालात. हट्टी. पाय आपटणाऱ्या पोराला समजवावं, पण तुम्हाला नाही.

संक्रांतीनंतर टेम्पोचा भज्यांचा वास बंद झाला. दारात यायचा तो साध्या डिझेलच्या वासानं. मला वाटलं, संपलं खूळ. जिंकले म्हणून बरं वाटायला हवं होतं, पण कसंतरीच वाटलं. मी टोमणा मारला, "काय भावजी, दमलात व्हय? आता सखूबाईला भूक कशी लागायची?" नुसते गालात हसलात. तुम्ही आणि उलट उत्तर नाही, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. तुमच्या अंगाला एक कडवट वास यायचा. विचारलं तर म्हणालात, म्हशीला गोचिडं झाली आहेत, करंजाचं तेल चोळतोय. मी म्हशीला बघून आले. तिला कुठं फारशी गोचिडं नव्हती.

आणि मग तुम्ही गेलात. असे एकदम, दुपारी, जेवून उठल्यावर. त्याच्याबद्दल मी लिहिणार नाही. तुम्हाला घराबाहेर काढलं तेव्हा मी बायकांबरोबर वळणापर्यंत आले. रस्त्यावर दुधाच्या गाड्या होत्या, एक उसाचा ट्रॅक्टर होता. सगळ्यांनी इंजिनं बंद केली. एवढं गप्प झालं की तिरडीच्या बांबूंची करकर ऐकू येत होती. तुम्ही पुढं गेलात, गाड्या परत सुरू झाल्या. सगळ्या पहिल्या झटक्यात सुरू झाल्या. मला तेवढ्यातही तुमचा राग आला. बघा, म्हटलं, शहाण्यांच्या गाड्या कशा लागतात.

एवढं लिहून मी कागद धान्याच्या कणगीमागं ठेवला होता. आज परत काढलाय. काल तेरावं झालं. आज सकाळी पाहुणे आले.

दोघे होते. एक थोराड, पांढरी टोपी, त्यांना दादा "आबा" म्हणत होते. दुसरा त्यांचा ड्रायव्हर. मी दाराआड चहा घेऊन उभी. आबांनी टेम्पोभोवती चक्कर मारली, टायर बघितले, आणि दुसऱ्या टाकीवर बोटानं टिचकी मारली.

"हीच का ती? आमच्याकडं लय ऐकलंय. ह्यात दूध न्यायचं का भजी तळायची?"

ड्रायव्हर खो खो हसला. तुमचे दादा हसले नाहीत. तुमचे दादा, जे कोणाला उलटून बोलत नाहीत, ते म्हणाले, "चालती ती, आबा. माझ्या भावानं चालवली." आणि टेम्पोत जाऊन बसले. सुरू केला. पाणी तापेपर्यंत काट्यावर नजर ठेवून बसले. मग खाली वाकून कॉक फिरवला. त्यांना येतो हेच मला माहीत नव्हतं.

मी वाट बघत होते. भज्यांचा वास येणार, आणि आला तर मला त्या माणसांपुढं रडू येणार, म्हणून मी पदर दातात धरला.

भज्यांचा वास आला नाही. हळूहळू एक कडवट, उग्र वास अंगणात पसरला. माझ्या आईच्या देवळीतल्या पणतीचा वास. माझ्या हातातली कपबशी कधी खाली ठेवली मला आठवत नाही. मी उंबऱ्याबाहेर आले, तशीच, डोक्यावर पदर नाही.

आबा नाक दाबून म्हणाले, "ह्यो कसला वास?"

दादांनी माझ्याकडं बघितलं. "करंज," ते म्हणाले. आबांना नाही, मला म्हणाले. "संक्रांतीपास्नं त्यो करंजावरच चालवत हुता. इंदापूरच्या घाण्यावर काढून आणायचा. कॉक पार वढ्यापाशीच फिरवायचा, घरापर्यंत वास यायला नको म्हणून. मला म्हणला, दादा, वैनीला सांगू नगं. पंप न धरता पावसाळा निघाला तर मीच सांगंन. आताच कळलं तर जलमभर ऐकवंल."

जलमभर ऐकवंल! ऐकवलंच असतं. का ऐकवू नये? रोज ऐकवलं असतं, ताट वाढताना, अंगण सारवताना. ऐकायला बसायचं होतं की तुम्ही. मी "दमलात व्हय" म्हणाले तेव्हा तोंडावर मारायचं होतं ते माझ्या. असं गालात हसून, माझंच तेल घालून, मला न सांगता निघून जायचं असतं का?

आबा म्हणाले, "बरं बरं, बघितलं. करा आता बंद." दादांनी किल्लीला हात घातला.

"थांबा!"

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडं वळली. एवढ्या मोठ्यानं मी ह्या घरात कधी बोलले नव्हते. सखूबाई भिंतीवरून डोकावली.

"आधी कॉक फिरवा."

दादा वाकले, पण घाईत त्यांना बाजू आठवेना. मी पलीकडून चढले, माझ्या जागेवर बसले. हात आपोआप खाली गेला. कॉक फिरवला, आणि आम्ही दोघं नुसते बसून राहिलो, इंजिन चाललेलं. बाहेर माणसं ताटकळत उभी. मला लाज वाटत होती, पण उठता येत नव्हतं, कारण पंपात अजून करंज होता. कडवट वास विरत गेला, डिझेलचा यायला लागला, तेव्हा मी मान हलवली. दादांनी किल्ली फिरवली.

आबा म्हणाले, "वैनीसाहेबांना गाडी कळती वाटतं."

मी स्टेअरिंगकडं बघत म्हणाले, "गाडी न्हाय कळत. एवढंच कळतं." मग मला वाटलं, आता थांबले तर परत कधी बोलणार नाही. म्हणून म्हणाले, "टाकी काढायची न्हाय."

दादांनी किल्ली काढून खिशात टाकली. मग आबांना म्हणाले, "आबा, चहा घ्या. टाकी काढायची न्हाय. पायजे तर असाच न्या."

असा त्यांना नको होता. चहा घेऊन गेले. दादा ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आता दूध कोण न्यायचं? मला ती कॉकची बाजू ध्यानात ऱ्हात न्हाय."

"तुमी चालवा. कॉक मी बघते."

बघा काय करून ठेवलंत! आता मला रोज सकाळी त्या सीटवर बसून गावोगावच्या डेअऱ्यांवर माणसांपुढं जावं लागणार. मी, जी दाराआडून चहा देते. रस्त्यात मयत दिसलं तर दादांना थांबवून आधी कॉक फिरवायला लावायचं तेही माझ्याच गळ्यात. आणि ओढ्याला शेंगा पडायला लागल्या आहेत, त्या वेचायच्या. शांतपणे बसून तुमच्यावर चार दिवस रडावं, तेवढीही सवड तुम्ही ठेवली नाहीत.

शेडमध्ये उरलेलं करडईचं तेल मी घरात आणलं. तुम्ही गाळून, निवळून ठेवलेलं, सोन्यासारखं. माणसाच्या तोंडचं होतं, ते माणसाच्या तोंडी गेलं पाहिजे. सुतक सरलं, म्हणून संध्याकाळी पहिल्यांदा कढई चढवली आणि कांद्याची भजी सोडली. वास घरभर झाला, अंगणात गेला. दादा गोठ्यात धार काढत होते, ते उठून दारापर्यंत आले आणि रस्त्याकडं बघायला लागले. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि ते माझ्याकडं वळले.

मीही झारा हातात धरून रस्त्याकडंच बघत होते.